पाँडिचेरीचा पराभूत सेनापती : काउंट लाली

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचा पराभव झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ जानेवारीला, तेथून शेकडो कोस दक्षिणेस पाँडिचेरीच्या तटावर इंग्रजांचे निशाण चढले. पहिल्या घटनेची जखम मराठी मनाला आजही ठाऊक आहे. दुसरीची आठवण मात्र इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील ‘तिसरे कर्नाटक युद्ध’ या प्रकरणापुरतीच उरली. हिंदुस्थानात आपल्याला कोणी युरोपीय प्रतिस्पर्धी राहिला नाही, ही निश्चिंती इंग्रजांना त्या दुसऱ्या घटनेने दिली. पाँडिचेरी ज्याच्या हातून गेली त्या फ्रेंच सेनापतीला पुढे पॅरिसमध्ये भर चौकात शिरच्छेदाची शिक्षा झाली. त्याचे नाव थॉमस आर्थर, काउंट द लाली.

लालीचा जन्म १३ जानेवारी १७०२ रोजी फ्रान्सच्या दोफिने प्रांतातील रोमाँ या गावी झाला. घराणे मात्र मूळचे आयर्लंडमधील. पदच्युत राजा दुसरा जेम्स याची बाजू घेतलेल्या हजारो कॅथलिक आयरिश सैनिकांनी १६९१च्या पराभवानंतर मायदेश सोडला आणि फ्रान्सच्या राजाची चाकरी पत्करली. लालीचा पिता सर जेरार्ड हा त्यांपैकीच एक. अशा निर्वासितांची मुले जन्मतःच सैन्याची होत. लालीही कोवळ्या वयातच पित्याबरोबर स्पेनमधील वेढ्यांच्या खंदकांत वावरला. इंग्रजांचा द्वेष त्याला वारशानेच मिळाला होता.

युरोपातील त्याची कारकीर्द कोणत्याही सेनाधिकाऱ्याने हेवा करावा अशी आहे. १७४४ मध्ये त्याच्या नावाची स्वतंत्र आयरिश पलटण उभी राहिली. ११ मे १७४५ रोजी फाँतन्वाच्या लढाईत इंग्रज पायदळाचा मोठा जथा फ्रेंच फळी फोडून आत घुसला असता आयरिश पलटणींनी त्यावर जो हल्ला चढवला, त्यात लाली आघाडीवर होता. त्या पराक्रमाबद्दल पंधराव्या लुईने त्याला रणांगणावरच ब्रिगेडियरचा हुद्दा दिला. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये उतरलेल्या स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्स एडवर्डच्या साहाय्यास तो गेला आणि जानेवारी १७४६ मधील फॉलकर्कच्या लढाईत राजपुत्राच्या दिमतीस होता. ते बंड फसल्यावर तो फ्रान्सला परतला व मार्शल साक्सच्या हाताखाली पुन्हा लढू लागला. १७४८ मध्ये मास्ट्रिक्ट पडले तेव्हा त्याला मेजर जनरलच्या तोडीचा हुद्दा मिळाला.

शूर, कष्टाळू, पैशाच्या बाबतीत कडक आणि अतिशय तापट, असा हा माणूस होता. १७५६ मध्ये इंग्लंडशी पुन्हा युद्ध जुंपले आणि हिंदुस्थानच्या मोहिमेवर कोणाला पाठवावे हा प्रश्न आला. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी लालीलाच हवे म्हणून आग्रह धरला. युद्धमंत्री काउंट दार्जांसोन यांनी मात्र त्यांना सावध केले होते, असे व्हॉल्तेरने लिहून ठेवले आहे. लालीला शिस्तीतील ढिलाई आणि पैशाची अफरातफर सहन होत नाही, तो जे मनात येईल ते तोंडावर बोलतो, आणि अशा माणसामुळे पाँडिचेरीत यादवी माजेल, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. संचालकांनी तो मानला नाही. उलट कंपनीच्या नोकरांतील भ्रष्टाचार खणून काढण्याचे कामही त्याच्यावरच सोपवले. ज्यांच्या चौकश्या करायच्या त्यांच्याकडूनच पैसा, बैल आणि दाणागोटा मागून युद्ध चालवायचे, असा हा विचित्र बेत होता. पुढील सर्व अनर्थाचे मूळ लालीच्या स्वभावात जितके आहे, तितकेच या नेमणुकीत आहे.

मे १७५७ मध्ये ब्रेस्ट बंदरातून निघालेला ताफा २८ एप्रिल १७५८ रोजी पाँडिचेरीस पोचला. जवळजवळ एक वर्ष समुद्रावरच गेले. तेवढ्या अवधीत बंगालमध्ये प्लासीची लढाई होऊन गेली होती, आणि फ्रेंचांचे चंद्रनगर तर ताफा निघण्यापूर्वीच इंग्रजांच्या हाती पडले होते. सेनापतीच्या स्वागतासाठी किल्ल्यावरून ज्या तोफा सुटल्या, त्यांतील काही चुकून गोळ्यांनी भरलेल्या होत्या आणि ते गोळे त्याच्याच जहाजाला लागले, अशी एक हकीकत सांगितली जाते. पाँडिचेरीच्या कारभाराची पहिली ओळख त्याला अशी झाली.

लालीने विश्रांती घेतली नाही. त्याच रात्री फौज कडलोरकडे निघाली. रस्त्याची माहिती नव्हती, वाटाडे धड नव्हते, शिधा बरोबर नव्हता आणि ओझी वाहणारी माणसेही नव्हती. सेनापतीने संतापून पाँडिचेरीतील रहिवाशांना सक्तीने कामास जुंपले. कोण कोणत्या जातीचा, कोणाचा धंदा काय, हे काहीही पाहिले गेले नाही. फ्रान्समध्ये शेतकऱ्याला वेठीस धरावे तसे येथे धरावे, एवढाच त्याचा हिशेब. परंतु डुप्लेच्या वेळेपासून या शहराचा सारा व्यवहार दुभाषे, दलाल, सावकार आणि विणकर यांच्या विश्वासावर चालत आला होता. तो विश्वास उडाला. लोक गाव सोडू लागले, बैल मिळेनासे झाले आणि पैसा दडून बसला. नाराज लोकांकडून फौजेला रसद मिळत नाही, हे लालीला शेवटपर्यंत उमगलेले दिसत नाही.

सुरुवात मात्र विजयाने झाली. मे महिन्याच्या आरंभी कडलोर आणि २ जूनला सेंट डेव्हिडचा मजबूत किल्ला त्याच्या हाती आला. आता मद्रासवर जावे असे त्याने ठरवले. नौदलाचा प्रमुख काउंट दाशे याने ताफा देण्यास नकार दिला, आणि गव्हर्नर द लेरी याने तिजोरीत पैसा नसल्याचे सांगितले. पैसा मिळण्याची एकच वाट सुचवली गेली, आणि ती तंजावरच्या मराठी राज्याकडे जात होती.

तंजावरला त्या वेळी व्यंकोजीराजांच्या वंशातील प्रतापसिंह भोसले राज्य करीत होते. सुमारे नऊ वर्षांपूर्वी चंदासाहेब आणि फ्रेंच यांनी तंजावरला वेढा घालून त्यांच्याकडून एक मोठा कर्जरोखा लिहून घेतला होता. त्यातील ५६ लाख रुपयांचा हिस्सा फ्रेंच कंपनीच्या दप्तरी पडून होता. त्या कागदाच्या आधारे पैसे वसूल करावेत म्हणून लाली दक्षिणेस निघाला. तंजावरच्या गादीवर हक्क सांगणारा एक इसम सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत सापडला होता. धाक दाखवण्यासाठी लालीने त्यालाही बरोबर घेतले.

या मोहिमेसारखी लाजिरवाणी मोहीम लालीच्या कारकिर्दीत दुसरी नाही. वाटेतील नागूर लुटले गेले. किवळूर येथील देवळात दडलेली संपत्ती शोधण्यासाठी तळी आणि घरे खणली गेली, मूर्ती उचलल्या गेल्या. त्यांतून मिळाले फारच थोडे. देवळाचे काही ब्राह्मण छावणीभोवती घुटमळताना आढळले, तेव्हा हेर समजून लालीने त्यांना तोफेच्या तोंडी दिले. त्यांच्या हेरगिरीचा पुरावा कोणी पुढे आणला नाही. लालीच्या बाजूने नंतर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण या एका कृत्याचे समर्थन करणे त्याच्या कैवाऱ्यांनाही जड गेले.

प्रतापसिंहांनी वाटाघाटी लांबवल्या. थोडे पैसे दिले, थोड्यांचे वचन दिले आणि तेवढ्या वेळात त्रिचनापल्लीच्या इंग्रज ठाण्याकडून शिपायांची कुमक मिळवली. लालीने ऑगस्टच्या आरंभी तटावर तोफा डागल्या. परंतु दारूगोळा अपुरा होता आणि छावणीत अन्नाचा तुटवडा पडला होता. इतक्यात ३ ऑगस्टला समुद्रावर दाशेच्या ताफ्याचा इंग्रजांपुढे टिकाव लागला नसल्याची बातमी आली. कारिकलला धोका निर्माण झाल्याने वेढा उठवणे भाग पडले.

माघारीच्या दिवशी, १० ऑगस्टच्या पहाटे, तंजावरचे काही घोडेस्वार फ्रेंच छावणीत आले आणि चाकरीस राहायचे आहे असे सांगून सेनापतीची भेट मागू लागले. लाली अंथरुणातून उठून तसाच बाहेर आला. त्यांपैकी एकाने त्याच्यावर तलवार उगारली. लालीने हातातल्या काठीने वार चुकवला आणि त्याच्या माणसांनी हल्लेखोराला तेथेच ठार केले. पाठोपाठ मानोजी या सरदाराच्या सैन्याने छावणीवर चाल केली. फ्रेंचांनी तो हल्ला परतवला खरा, पण अवजड तोफा टाकून, उपाशी आणि चिखल तुडवीत त्यांना कारिकल गाठावे लागले. ५६ लाखांचा तो रोखा शेवटपर्यंत वसूल झाला नाही.

याच काळात लालीने आणखी एक निर्णय घेतला होता. त्याचे परिणाम तंजावरपेक्षा खोल झाले. हैदराबादेत निजाम सलाबतजंगाच्या दरबारी १७५१ पासून बुसी ठाण मांडून होता. फ्रान्सहून फारशी मदत न मागता त्याने उत्तर सरकारांसारखा समृद्ध किनारी मुलूख फ्रेंचांच्या पदरात पाडला होता. कवायती पायदळ आणि चपळ तोफखाना यांचा धाक पेशव्यांच्या फौजांनाही त्यानेच दाखवला. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी याच बुसीच्या फौजेत तयार झाला होता. लालीच्या दृष्टीने हा सगळा फाफटपसारा. इंग्रजांना मद्रासमधून हुसकावले की बाकीचे आपोआप होईल, अशी त्याची धारणा होती. म्हणून बुसीला त्याने हैदराबादेहून परत बोलावले.

युरोपातील युद्धशास्त्राच्या नियमाने हा विचार चूक नव्हता. सर्व बळ एका निर्णायक ठिकाणी एकवटावे हेच कोणताही सेनापती सांगेल. पण बुसीचे बळ सैनिकांच्या संख्येत नव्हते. दरबारातील वजन, वर्षानुवर्षांची ओळख आणि वेळेवर मिळणारा पगार यांवर ते उभे होते. तो निघताच तो डोलारा कोसळला. बंगालहून आलेल्या कर्नल फोर्डने डिसेंबर १७५८ मध्ये कोंडूर येथे फ्रेंचांना हरवले आणि एप्रिल १७५९ मध्ये मच्छलीपट्टण जिंकले. सलाबतजंगाने इंग्रजांशी तह केला. बुसी मात्र पाँडिचेरीस येऊन लालीच्या हाताखाली कुढत राहिला. या दोघांनी एकमेकांवर क्षणभरही विश्वास ठेवला नाही.

मद्रासचा वेढा १४ डिसेंबर १७५८ रोजी सुरू झाला. किल्ल्याबाहेरील वस्तीत लाली सहज शिरला, आणि तेथेच घात झाला. सैनिकांनी लूट केली, दारूचे साठे फोडले, आणि शिस्त गेली ती परत आली नाही. किल्ल्यात गव्हर्नर पिगट आणि अनुभवी लॉरेन्स होते. दोन महिने तोफांचा मारा चालला. तटाला खिंडार पडले, पण त्यातून चढाई करण्यास लालीचे अधिकारी राजी होईनात. १६ फेब्रुवारी १७५९ रोजी क्षितिजावर इंग्रज जहाजे दिसली आणि त्याच रात्री फ्रेंचांनी तोफा व आजारी माणसे मागे टाकून वेढा उठवला. पाँडिचेरीत ही बातमी पोचली तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी आपला आनंद लपवला नाही, असे समकालीन वृत्तांतांत आढळते. शत्रूचा विजय गोड वाटावा इतके त्यांचे आपल्याच सेनापतीशी वैर वाढले होते.

त्यानंतरचा काळ उतरणीचा होता. सप्टेंबर १७५९ मध्ये दाशे इंग्रज आरमाराशी शेवटची लढाई लढला आणि थोड्याच दिवसांत ताफा घेऊन मॉरिशसकडे निघून गेला. तो पुन्हा आला नाही. समुद्र इंग्रजांचा झाला. ऑक्टोबरात अनेक महिन्यांचा पगार थकल्यामुळे खुद्द फ्रेंच सैनिकांनीच बंड केले. घरातील चांदीची भांडी वितळवून आणि उसनवारी करून त्यांची समजूत घालावी लागली.

२२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाश येथे अखेरचा सामना झाला. समोर आयर कूट हा इंग्रज सेनानी होता आणि दोन्ही बाजूंची युरोपीय फौज सुमारे दोन-दोन हजारांची होती. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांचे भाडोत्री मराठा घोडदळ लालीने बोलावले होते, पण ते लढाईत उतरले नाही. पगाराची शाश्वती नसलेल्या धन्यासाठी जीव धोक्यात घालण्याचे त्याला काही कारणही नव्हते. लाली स्वतः घोडदळाच्या अग्रभागी गेला. त्याचे फ्रेंच स्वार त्याच्यामागून आले नाहीत. मग तो पायदळ घेऊन चालून गेला. लढाई रंगात असताना फ्रेंचांच्या डाव्या बगलेवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला आणि तेथील फळी विस्कटली. ती सावरण्यास धावलेला बुसी इंग्रजांच्या हाती सापडला. काही तासांत सारे संपले.

पुढील वर्षभरात अर्काट, कारिकल आणि इतर ठाणी एकेक करून गेली. लालीने म्हैसूरच्या हैदर अलीशी करार करून रसद मिळवण्याचा प्रयत्न केला, पण हैदरचे सैन्य आले तसे परतले. पाँडिचेरीभोवतीचा फास आवळत गेला. नोव्हेंबर १७६० च्या अखेरीस धान्य पुरवण्यासाठी लालीने शहरातील सुमारे चौदाशे देशी रहिवाशांना बाहेर काढले. इंग्रजांनी त्यांना वेढ्याबाहेर जाऊ दिले नाही, आणि फ्रेंच त्यांना आत घेईनात. दोन तोफखान्यांमधल्या जमिनीवर ती बायकामुले कित्येक दिवस गवताची मुळे खाऊन राहिली. अखेर इंग्रजांनी वाट मोकळी केली. १७६१च्या पहिल्या दिवशी प्रचंड वादळाने इंग्रजांची काही जहाजे बुडवली. पाँडिचेरीत आशा पालवली, पण मदतीला येणारा फ्रेंच ताफाच नव्हता. दोन आठवड्यांनी, अन्न पूर्ण संपल्यावर, लालीने शस्त्रे खाली ठेवली.

मद्रासला नेण्यासाठी त्याला पालखीत घातले तेव्हा तो आजारी होता. शहराच्या दारापाशी जमलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्याला शिव्या दिल्या. इंग्रज शिपायांचा पहारा नसता तर त्यांनी त्याला मारलेच असते. त्याच्यामागून निघालेला त्याचा विश्वासू अधिकारी द्युब्वा याला मात्र त्यांनी गाठले आणि तलवारीच्या द्वंद्वात भर रस्त्यात तो ठार झाला. कंपनीच्या गैरव्यवहारांचे कागद त्याच्याजवळ होते, ते नाहीसे झाले. इंग्रजांनी पुढे पाँडिचेरीचे तट आणि प्रमुख इमारती जमीनदोस्त केल्या.

लालीला युद्धकैदी म्हणून लंडनला नेण्यात आले. तेथे त्याच्या कानावर आले की पराभवाचे खापर फ्रान्समध्ये आपल्या माथी फोडले जात आहे. इंग्लंडमध्ये तो सुरक्षित होता. तरीही परत येण्याचे वचन देऊन त्याने इंग्रजांकडून परवानगी मिळवली, तो फ्रान्सला गेला आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये स्वतःच्या पायाने बास्तीयच्या तुरुंगात हजर झाला. अपराधी माणूस असे करीत नाही, हा त्याच्या बाजूचा सर्वात मोठा पुरावा म्हणावा लागेल. न्यायालयाने तो विचारात घेतला नाही.

खटला पॅरिसच्या ‘पार्लमाँ’पुढे चालला. हे नाव संसदेसारखे भासते, पण ती संस्था म्हणजे उच्च न्यायालय होती. साक्षीदार बहुतेक सारे त्याचे हिंदुस्थानातील शत्रूच. आरोपीला वकील दिला गेला नाही. पाँडिचेरीचा जेझुइट धर्मगुरू लाव्हूर याच्या मृत्यूनंतर सापडलेल्या कागदांत लालीची दोन टिपणे निघाली, एक स्तुतीचे आणि एक निंदेचे. निंदेचेच तेवढे न्यायालयापुढे आले, असे व्हॉल्तेरने नमूद केले आहे. ६ मे १७६६ रोजी निकाल लागला. राजा, राज्य आणि कंपनी यांच्या हिताचा घात केल्याबद्दल शिरच्छेद. लालीच्या कारकिर्दीत उद्धटपणा, क्रौर्य आणि अज्ञान यांचे दाखले हवे तितके मिळतात. शत्रूशी संगनमताचा एकही मिळत नाही. किवळूरच्या ब्राह्मणांच्या हत्येबद्दल त्याच्यावर खटला भरला असता तर गोष्ट वेगळी होती. पण ज्या गुन्ह्यासाठी त्याचे डोके उडवले गेले, तो त्याने केलाच नव्हता. सात वर्षांच्या युद्धात कॅनडा, बंगाल आणि कर्नाटक गमावलेल्या राज्याला एक दोषी हवा होता. इंग्लंडनेही ॲडमिरल बिंगला १७५७ मध्ये असेच गोळ्या घालून मारले होते.

निकाल ऐकताच लालीने नकाशावर वापरायचा कंपास छातीत खुपसून घेतला, पण जखम खोल गेली नाही. ९ मे रोजी त्याला प्लास द ग्रेव या चौकात नेण्यात आले. त्याने जमावापुढे काही बोलू नये म्हणून तोंडात बोळा कोंबला होता, आणि सरदाराला साजेशा बंद गाडीऐवजी कचऱ्याची उघडी गाडी वापरली होती. फाँतन्वाचा हा वीर तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता.

त्याचा मुलगा त्रोफीम जेरार त्या वेळी पंधरा वर्षांचा होता. आपला पिता कोण हे त्याला शिरच्छेदाच्या सुमारासच कळले. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या या मुलाने पित्याचे नाव निष्कलंक करण्याचा ध्यास घेतला आणि त्याला व्हॉल्तेरचे पाठबळ मिळाले. १७७३ मध्ये व्हॉल्तेरने हिंदुस्थान व जनरल लाली यांच्याविषयी एक पुस्तकच लिहिले. मे १७७८ मध्ये राजाच्या मंडळाने तो निकाल रद्द केला. ही बातमी व्हॉल्तेरला मृत्युशय्येवर मिळाली. त्याने मुलाला आनंदाच्या दोन ओळी लिहिल्या आणि ३० मे रोजी प्राण सोडला.

प्रकरण तेथे मिटले नाही. फेरसुनावणीसाठी ते रुआँ आणि नंतर दिजों येथील न्यायालयांकडे गेले. तेथे लालीच्या मुलाला विरोध करण्यास उभा राहिला तो द्युव्हाल देप्रेमेनील. पाँडिचेरीतच जन्मलेला हा वकील गव्हर्नर द लेरीचा पुतण्या होता. लालीला दोषमुक्त ठरवले तर आपला काका दोषी ठरेल, हे त्याला पक्के ठाऊक होते. पाँडिचेरीतील भांडण असे पुढच्या पिढीने नॉर्मंडीच्या न्यायालयात चालू ठेवले. निर्दोषत्वाचा स्पष्ट निकाल लालीच्या वाट्याला कधीच आला नाही. १७८९ च्या राज्यक्रांतीत हे दोघेही प्रतिनिधी सरदारवर्गातर्फे एकाच सभागृहात बसले. देप्रेमेनील १७९४ मध्ये गिलोटिनवर गेला. लालीचा मुलगा इंग्लंडला पळून वाचला, नंतर फ्रान्सला परतून फ्रेंच अकादमीचा सभासद झाला आणि १८३० मध्ये वारला.